रुपचंदच्या विमानाची काच

मला घाई फार, हे मला कुणी सांगायची गरज नाही. चाळीस वर्षं अमळनेरला स्टँडजवळ सायकलचं दुकान चालवलं. पंक्चर काढलं, हवा भरली, चल पुढं! थांबणं आपल्याला जमतच नाही. रुपचंद नेमका उलटा. आयटीआयत सुतारकाम शिकवायचा. लाकडाचा तुकडा हातात घेऊन अर्धा तास नुसता बघत बसेल. आमची दोस्ती कशी टिकली, देव जाणे.

रिटायर झाल्यावर त्याला विमानांचं वेड लागलं. बाल्सा नावाचं हलकं लाकूड पुण्याहून मागवायचं, पट्ट्या कापायच्या, जोडायच्या, वरून पातळ कागद चढवायचा. तो बनवणार, मी उडवणार. कपाशी निघालेल्या रानात आम्ही दोघं म्हातारे विमानामागं पळायचो आणि बघणारे खदाखदा हसायचे. हसेनात का, आमच्या बापाचं काय जातं!

पायलटच्या डोक्यावरचं झाकण तो कोल्ड्रिंकच्या बाटलीचं करायचा. प्लास्टिक गरम करून लाकडी साच्यावर ओढायचं. त्याला आम्ही काच म्हणायचो. ती चिकटवताना मला जवळ फिरकू द्यायचा नाही, कारण एकदा मी झटपट गोंद लावला होता. तो चुटकीसरशी चिकटतो, पण त्याची वाफ धरते आणि काच आतून दुधासारखी पांढरी होते. "गाढवा, पांढरा गोंद लावायचा आणि सकाळपर्यंत हात लावायचा नाही," हे त्यानं मला शंभरदा तरी ऐकवलं असेल.

दिवाळीनंतर रुपचंदला लकवा मारला. उजवा हात गेला, वाचाही गेली. धुळ्याचे डॉक्टर म्हणाले, वाचा परत येऊ शकते, त्यांना बोलतं करा. पण बोलायचा यत्न त्यानं स्वतःच सोडला. भिंतीकडं तोंड करून पडायचा. सुमनवहिनी बोलून बोलून थकल्या. मी रोज जाऊन बडबड करायचो, कापसाचा भाव सांगायचो, राजकारण्यांना शिव्या घालायचो. हूं नाही की चूं नाही. दीड महिना झाला.

त्याच्या खोलीत एक अर्धवट विमान टांगलेलं होतं. सगळं तयार, फक्त काच बसवायची राहिलेली. आत एवढासा पायलट. त्या लबाडानं त्याला माझ्यासारख्या झुपकेदार मिशा काढल्या होत्या. काचही त्यानंच करून शेजारी ठेवलेली, एकुलती एक. मी म्हटलं, हे पुरं करून त्याच्यासमोर धरतो, मग बघू कसा बोलत नाही.

घरी आणलं. पांढरा गोंद होता, नाही असं नाही. लावला. चिकटपट्टीनं काच बांधली. पाच मिनिटांनी बघतो तर एक कोपरा उचललेला. दाबला. परत उचलला. माझं डोकंच फिरलं. ड्रॉवरमधनं झटपट गोंद काढला आणि म्हटलं, एकच थेंब, एका थेंबानं काय होतंय?

सकाळी बघितलं आणि कपाळावर हात मारला. काच पार पांढरी. माझ्या मिशा धुरात गेल्यासारख्या. हात आत जाईना, पुसणार कसं? दीड महिना तो माणूस बोलत नाही आणि मी त्याच्या हातची शेवटची काच घालवून बसलो. हो, शेवटचीच म्हणालो मी मनात. तो हात आता परत चालेल असं कुणालाच वाटत नव्हतं.

लपवावं असं मनात आलं. पण रुपचंदपासून काय लपवणार? विमान पिशवीत घालून गेलो. सुमनवहिनींनी दारातच पाहिलं आणि त्यांचा चेहरा उतरला. "झुलालभाऊ, हाई काय व्हयनं?"

"माझं थोबाड व्हयनं," म्हटलं आणि आत शिरलो.

"रुपचंद, बघ. मी वाट लावली. तू सांगितलं होतंस, तरी लावली."

पहिल्यांदा हललाच नाही. मग मान वळवली. मी विमान त्याच्या छातीवर ठेवलं. डाव्या हाताचं बोट त्यानं काचेवर फिरवलं. वाकडं करून उजेडात धरलं. परत पुसलं. आतलं पांढरं कसलं जातंय! त्याच्या कपाळाची शीर फुगली, ओठ थरथरले. मला वाटलं परत झटका येतोय की काय. मी वहिनींना हाक मारणार, तेवढ्यात त्याच्या तोंडातून आलं,

"गा... गाढव."

वहिनींच्या हातातला तांब्या खाली पडला. "बोलनात व माय, ते बोलनात!" म्हणत त्या दाराला धरून आनंदानं रडायलाच लागल्या.

रुपचंदचं तिकडं लक्षच नव्हतं. तो माझ्याकडं डोळे वटारून बघत होता आणि अजून काहीतरी ओढून आणत होता. "पां... पांढरा. पांढरा!"

"हो रे बाबा, पांढरा गोंद. चुकलं माझं."

त्यानं डाव्या हातानं कोपऱ्यातल्या फळीकडं दाखवलं. तिथं त्याचा लाकडी साचा होता. मी साचा आणला. वहिनींनी डोळे पुसत रिकामी बाटली शोधली. नवी काच ओढायला दोन हात लागतात. एक त्याचा डावा होता, दुसरा माझा.

पण त्याआधी मी खाली वाकलो, कान त्याच्या तोंडाशी नेला आणि म्हटलं, "रुपचंद, परत एकदा म्हण ना."

"गाढव," तो म्हणाला. या वेळी एका दमात.