कढत पाणी

"बाबा, आधी कडी काढा!"

मुलगी बाथरूमचं दार बडवत होती. आत बादली कलंडल्याचा आवाज झाला होता आणि मग सगळं चिडीचूप. शेवटी शेजारच्यांनी खांदा लावून दार उघडलं. वरखालीशेठ ओल्या फरशीवर आडवे पडले होते. कपाळ फुटलं होतं. चेहरा मात्र कुणीतरी हाक मारल्यासारखा.

सरकारी इमारतीतली लिफ्ट चालवता चालवता त्यांचे केस पिकले होते. वरखालीशेठ हे नाव तिथल्या लोकांनीच ठेवलेलं. बायको गेल्यावरही ते एक दिवस घरी बसले नव्हते.

दवाखान्यात डॉक्टरीणबाईंनी सगळं नीट विचारून घेतलं. म्हणाल्या, "डोक्यावर कढत पाणी पडलं की यांना फिट येते. जगात फार थोड्यांना होतो हा आजार, पण आपल्या देशात जास्त दिसतो. पाणी कोमट घ्यायचं आणि अंघोळीआधी ही गोळी. बस्स."

"गोळी रोज घ्यायची?" वरखालीशेठनी विचारलं.

"रोज."

"रविवारी नाही घेतली तर?"

डॉक्टरीणबाई हसल्या. मुलीला काही हसू आलं नाही.

घरी आल्यावर तिने त्यांना समोर बसवलं. "खरं सांगा बाबा. हे पहिल्यांदा झालेलं नाही ना?"

ते बराच वेळ चष्मा पुसत राहिले. मग म्हणाले, "तुझी आई येते गं. म्हणजे दिसत नाही. चार-पाच तांबे ओतले की दाराबाहेरून आवाज येतो, 'अहो, ऐकलं का?' अगदी तिचाच. पुढे काय म्हणते ते ऐकावं म्हणून मी आणखी एक तांब्या ओततो... आणि मग काहीच कळत नाही."

"मुद्दाम ओतता?"

त्यांनी मान खाली घातली.

मुलगी रागावेल असं त्यांना वाटलं होतं. पण ती लहानपणीसारखी त्यांच्या गुडघ्याला टेकून बसली. "माझं नाव घेते का हो कधी?"

"घेते की," असं म्हणणं सोपं होतं. पण ते जिभेवर येईना. "तेवढं बोलणं होतच नाही, बाळा."

तिने डोळे पुसले. "मला तर तिचा आवाज आठवतही नाही आता. तुम्हीही असे गेलात, तर मी कुणाला विचारू?"

दुसऱ्या दिवशी सकाळी, कुणी न सांगता, वरखालीशेठनी गोळी घेतली.

बाथरूमचं दार किलकिलं ठेवलं होतं. बाहेर पाटावर बसून मुलगी बडबडत होती. साहेबाची चिडचिड, मैत्रिणीची नवी सासू, सुचेल ते. त्यांनी कोमट पाण्याचा पहिला तांब्या डोक्यावर ओतला. मग दुसरा. पाचवा ओतून झाल्यावर क्षणभर थांबले.

"बाबा? ऐकताय ना?"

"हं," ते म्हणाले. "पुढे काय झालं?"