चार अंश

कासाम्बाराने लशींच्या फ्रिजमध्ये हात घातला. बाटल्या कोमट होत्या. आतला तापमापक तेरा अंश दाखवत होता. फ्रिज ज्यावर चालायचा ती गॅसची टाकी रिकामी होती.

दारावरच्या तापमानाच्या तक्त्यात मात्र सकाळी चार, संध्याकाळी चार, असं तीस तारखेपर्यंत लिहून ठेवलेलं होतं. आज एकोणीस तारीख होती.

चिल्वा सरोवराकाठच्या तीन मुलांना लस घेऊनही गोवर झाला होता. तिघांना गेल्या दोन वर्षांत याच केंद्रात टोचलेलं. त्यातलं एक दगावलं, म्हणून तपासनीस कासाम्बारा आज आला होता.

"पुढचे अकरा दिवस तू आधीच बघून आलीस वाटतं?"

केंद्राच्या नर्सने, तियामिकेने, सांगून टाकलं. सुरुवातीला ती रोज बघायची. रोज चारच. मग आठवड्याचं एकदम लिहायला लागली, मग महिन्याचं.

"साहेब, मागे गॅस संपला तेव्हा मी दोनदा कळवलं. कोणी फिरकलं नाही. एकदा रकाना रिकामा राहिला, तर दुसऱ्या दिवशी तपासणीची मोटारसायकल दारात."

"मूल मेलंय, पोरी." त्याचा आवाज चढला. "तुझ्या आधी इथे एस्नात होती. बावीस वर्षं. एक आकडा खोटा लिहिला नाही तिने."

तियामिकेने एकदा जुन्या तक्त्यांच्या कपाटाकडे पाहिलं.

"जाऊ द्या ना, काका. माझं नाव लिहा आणि निघा."

एस्नात त्याची बायको. गेल्या वर्षी अकरा जूनला ती गेली. त्याने कपाटातून त्या जूनचा तक्ता काढला. तियामिकेच्या तोंडासमोर धरायचा होता त्याला.

एस्नातचा चार कुठेही ओळखू यायचा. ती उभी रेघ खाली लांब ओढायची. तीस जूनपर्यंत तसेच चार होते. सगळे एकाच शाईत. तळाशी 'तपासले', आणि त्याची स्वतःची सही.

तियामिकेने पाण्याचा पेला पुढे केला. त्याने तो घेतला नाही.

अहवालात 'जबाबदार व्यक्ती'समोर तियामिकेचं नाव त्याने आल्या आल्याच लिहिलं होतं. त्याखाली त्याने एस्नातचं लिहिलं.

"गेलेल्या माणसाचं कशाला, काका?"

"मूलही गेलंय."

तिसरं नाव लिहायला त्याला वेळ लागला. पण रकाना त्याने रिकामा सोडला नाही.