खांब वर येत नसतात

भाऊजींना जाऊन सव्वा महिना झाला होता, तरी दुर्बिणीतून मला ते रोज दिसत होते.

हे असं सरळ सांगितलं की माणसं आधी माझ्याकडे आणि मग घड्याळाकडे बघतात, म्हणून मी कुणाला सांगायच्या भानगडीत पडत नाही. मी सर्वेअर आहे. अठ्ठावीस वर्षं मोठ्या तोऱ्यात सांगत आलो की दुर्बिणीत दिसतं तेच मी वहीत लिहितो. ते पुरतं खरं नव्हतं, आणि त्याचंच हे सगळं आहे.

आमच्याकडे उंचावरून जाणारी मेट्रो बांधतायत. रस्त्याच्या मधोमध खांब, खांबांवर पूल, पुलावर रूळ. त्यातलं सगळ्यात कंटाळवाणं काम माझ्याकडे: या खोदकामाने आजूबाजूच्या इमारती खचतात का, हे दर आठवड्याला मोजायचं. तिपाईवर लेव्हल लावायची, म्हणजे एक आडवी दुर्बीण, आणि समोर एका माणसाने आकडे लिहिलेली चार मीटरची पट्टी धरून उभं राहायचं. मी आकडा वाचला की तो पुढच्या जागी जातो. पट्टीवाला जाणता असेल तर ती किंचित पुढे-मागे डोलवतो. डोलताना दिसणारा सगळ्यात कमी आकडा खरा, कारण तेवढ्या क्षणापुरती पट्टी अगदी सरळ उभी असते. भाऊजी पट्टी डोलवायचे ती झोपलेल्या बाळाच्या पाळण्याला झोका द्यावा तशी. त्यांच्यासारखी डोलवणारा मी दुसरा पाहिला नाही.

भाऊजी म्हणजे माझ्या थोरल्या ताईचे यजमान. त्यांचा छापखाना बंद पडला तेव्हा मीच त्यांना कामावर घेतलं. घरी मी त्यांना अहो-जाहो करायचो आणि ते मला अरे-तुरे. साइटवर बरोबर उलटं. "साहेब, आपण म्हणाल तसं," असं ते इतक्या गंभीर चेहऱ्याने म्हणायचे की चहावाला तोंड फिरवून हसायचा.

सगळ्या मोजमापाला एक न हलणारा बिंदू लागतो. त्याला बेंचमार्क म्हणतात, आणि तो खोदकामापासून लांब असावा असा नियम आहे. आमचा मूळ बेंचमार्क तसाच होता, जुन्या पुलाच्या दगडी पायात, खाली कातळ. पण तिथे ट्रकची ये-जा, उभं राहायची चोरी. म्हणून मी पहिल्याच महिन्यात तिथून मोजून दुसरा बेंचमार्क केला: रस्त्याकडेच्या एका चार मजली इमारतीच्या जोत्यात पितळी बोल्ट बसवला. इमारत चांगली भक्कम. शिवाय दुसऱ्या मजल्यावर ताईचं घर. सकाळी बोल्टवरचं पहिलं रीडिंग घ्यायचं आणि वर जाऊन चहा प्यायचा. निव्वळ आळस होता माझा, दुसरं काही नाही.

सातआठ महिन्यांनी अठ्ठ्याऐंशी नंबरचा खांब वर यायला लागला.

एका महिन्यात दोन मिलिमीटर, पुढच्या महिन्यात तीन. मग त्याचे शेजारीही. मी म्हटलं उन्हाची चूक असेल, मशीनची असेल, भाऊजींचीच असेल. मोजणीत राहिलेली बारीक चूक सगळ्या आकड्यांवर थोडी थोडी वाटून टाकायची आमच्यात रीत आहे. मर्यादेत असेल तर तशी परवानगीच असते. मी दर आठवड्याला वाटत गेलो. वही कशी स्वच्छ दिसायची, हालचालीच्या रकान्यात एकाखाली एक शून्यं.

वही भाऊजी सांभाळायचे. एका शनिवारी चहाच्या टपरीवर पाच माणसांसमोर ते म्हणाले, "साहेब, खांब वर येत नसतात. घर खाली जातंय."

बोल्ट ज्या घरात, ते घरच खचत असेल तर बोल्टवरून बघणाऱ्याला बाकीचं सगळं जग वर सरकताना दिसणार. एवढं कळायला सर्वेअर असावं लागत नाही. मला ते कळलं, आणि त्याच क्षणी वर्षभराच्या वह्या, प्रत्येक पानावरची माझी सही, सगळं डोळ्यांसमोर आलं. आणि सांगतंय कोण, तर ज्याला मी पट्टी धरायला शिकवलं तो.

"पट्टी धरायला ठेवलंय तुम्हाला, डोकं चालवायला नाही," मी म्हणालो. चहावाला त्या दिवशी हसला नाही.

संध्याकाळी त्यांचा फोन आला. घरचा आवाज, घरचं अरे-तुरे. "ऐक. उद्या रविवार, वर्दळ कमी असते. सकाळी सातला मी जुन्या पुलाच्या बेंचमार्कवर पट्टी घेऊन उभा राहतो. तू मधे मशीन लाव. बोल्टवर पट्टी धरायला मग मीच पळत येईन. मी चुकलो असेन तर पुन्हा तोंड उघडणार नाही."

"बघू," मी म्हणालो.

सकाळी सहाला उठलो होतो मी. मशीनची पेटी दाराशी आणूनही ठेवली होती. मग वाटलं, उभे राहू देत जरा, उतरू दे शहाणपण. पेपर उघडून बसलो. सात वीसला फोन वाजला, तो मी वाजू दिला. सात चाळीसला रिव्हर्समध्ये मागे येणाऱ्या एका ट्रकने भाऊजींना पुलाच्या दगडी पायावर चिरडलं.

रविवारी पट्टी घेऊन ते तिथे काय करत होते, असं सगळ्यांनी विचारलं. ताईनेही विचारलं. "कामाचा नाद होता ना त्यांना," मी म्हणालो, आणि फोनमधला तो मिस्ड कॉल पुसून टाकला.

तेराव्या दिवसानंतर मी कामावर गेलो. बोल्टवरचं रीडिंग घेतलं, दुर्बीण खांबाकडे वळवली. वळताना ती जुन्या पुलावरून फिरते, त्याला इलाज नाही. त्या गोल चकतीत, दूरवर, एक माणूस पट्टी धरून उभा होता. दुर्बिणीवरून नुसत्या डोळ्यांनी बघितलं तर रस्ता, रिक्षा, दिव्याचा खांब. पुन्हा डोळा लावला तर माणूस. चेहरा पट्टीच्या आड. पट्टी हळूहळू पुढे-मागे डोलत होती.

नवा पट्टीवाला म्हणजे एक निवृत्त बस कंडक्टर. आम्ही त्याला कंडक्टरच म्हणतो. पट्टी डोलवायला शंभरदा सांगितलं तरी तो ती भाल्यासारखी ताठ धरतो. त्याला बोलावून म्हटलं, "जरा बघ तिकडे. काय दिसतं?"

त्याने एक डोळा मिटला, दुसरा लावला, मग उलट केलं. "खांब आहे साहेब, दिव्याचा. का, तिकीट काढायचंय का त्याचं?"

मी हसलो. त्याला पुढच्या खांबाकडे पाठवलं.

त्यानंतर रोज. पावसाळी हवेत, उन्हात, धुळीत. मी दुर्बीण उलट्या बाजूने फिरवून बघितली, काच पुसली, मशीन बदललं. नव्या मशीनमध्ये ते जास्तच स्वच्छ दिसले. इतक्या लांबून पट्टीवरचे आकडे वाचता येत नव्हते, पण त्यांना ते वाचून हवे होते हे दिसत होतं. नुसता धरून उभा राहिलेला माणूस पट्टी डोलवत नाही. समोर कोणी वाचतंय असं वाटलं तरच डोलवतो.

ताईकडे जाणं मी टाळू शकत नव्हतो. बोल्ट तिच्या दारात. नाही गेलो तर ती वरून हाक मारायची. तिच्या स्वयंपाकघराचं दार जमिनीला घासायचं. भाऊजींनी ते दोनदा तासलं होतं, तरी घासायचं. भाची टेबलावर अभ्यास करताना पेन्सिलीखाली वही ठेवायची, नाहीतर पेन्सिल रस्त्याकडच्या भिंतीला जाऊन टेकायची. मी हे सगळं बघायचो आणि चहाची तारीफ करायचो.

एकदा ताई हळूच म्हणाली, "तुला हसू येईल. सकाळी हे उठायचे ना, त्याच सुमाराला खोलीचं दार आपोआप उघडतं. कडी लावली नाही की उघडतंच. मी पण आता कडी लावत नाही. म्हणते, येऊ देत."

तिच्या चेहऱ्यावर सव्वा महिन्यात पहिल्यांदा जरा उजेड दिसला. सकाळी पाण्याची मोटर सुरू होते, भिंती थरथरतात, आणि चौकट ओळंब्यात नसेल तर दार आपोआप उघडतं. मी कप विसळायला उठलो. घर खचतंय हे सांगायचं तर दार का उघडतं हेही सांगावं लागणार होतं. आणि भाऊजी त्या सकाळी कुणाची वाट बघत उभे होते, हेही. ही तिन्ही एकाच धाग्यात ओवलेली होती, एक ओढलं की सगळं हातात येणार.

शुक्रवारी मोठ्या साहेबांचा कागद आला. ताईच्या इमारतीला लागून स्टेशनच्या जिन्याचा खड्डा खोदायचा, सोमवारपासून पंप लावून जमिनीतलं पाणी उपसायचं. माझ्या वह्यांप्रमाणे इमारत हललेली नसल्याने हरकत नाही, असं त्यात लिहिलं होतं. खाली माझ्या सहीसाठी जागा सोडली होती. आतापर्यंतच्या खोदकामाने घर इतकं खचलं असेल तर मोठे पंप लागल्यावर काय होईल, याचा हिशोब मी कागदावर मांडला नाही. मांडायची गरज नव्हती. वर ताई झोपते, भाची झोपते, शिवाय चार मजल्यांवरची बाकी माणसं.

सही केली नाही. नाहीही म्हणालो नाही. शनिवार तसाच गेला. त्या दिवशी दुर्बिणीत बघितलं तेव्हा भाऊजींची पट्टी जोरात डोलत होती, हात दुखून आल्यासारखी.

रविवारी सकाळी पावणेसातला मी पूल आणि इमारत यांच्या बरोबर मधे तिपाई लावली. कंडक्टर कुरकुरत आला. त्याला बोल्टवर उभं केलं. रीडिंग एक पाचशे बारा, म्हणजे एक मीटर पाचशे बारा मिलिमीटर. लिहिलं. मग दुर्बीण पुलाकडे वळवली.

ते उभे होते. आता अंतर निम्मं झालं होतं, सगळं नीट दिसत होतं: पट्टीवर आवळलेली बोटं, खाली त्यांचे चॉकलेटी बूट, एका बुटाची सुटलेली नाडी. चेहरा पट्टीच्या आडच. मी बघतोय म्हटल्यावर पट्टी संथ झाली. पुढे, मागे, पुढे. एक दोनशे एक्केचाळीस, अडतीस, छत्तीस, अडतीस, छत्तीस. सगळ्यात कमी आकडा एक दोनशे छत्तीस. तो मी दोनदा लिहिला.

मग मी कंडक्टरला पुलाकडे पाठवलं. दुर्बिणीतून तो चालत जाताना दिसला, त्या जागी पोहोचला, आणि तिथे तो एकटाच होता. पट्टी ताठ. एक दोनशे छत्तीस.

दोन आकड्यांमधला फरक दोनशे शहात्तर. बोल्ट बसवला तेव्हा तो दोनशे बेचाळीस होता. ताईचं घर चौतीस मिलिमीटर खाली गेलं होतं. भाऊजींना हे नुसत्या पेन्सिलीवरून आणि दारावरून कळलं होतं.

रस्त्यावर उभा राहूनच मोठ्या साहेबांना फोन केला. पंप लावू नका, इमारत आजच रिकामी करा. त्यांनी विचारलं, "चूक कुणाची?" माझी, म्हटलं. "उद्या ऑफिसला या," एवढंच बोलून त्यांनी फोन ठेवला. ते सोपं होतं.

जिना चढताना दोनदा थांबलो. ताई भाजी निवडत बसली होती.

"आज रविवारी कसा काय?"

"ताई, सामान बांध. तुझं आणि तिचं. आज माझ्याकडे चला. घर खचतंय."

"कोण म्हणतं?"

"भाऊजी म्हणायचे."

तिने हातातली भाजी खाली ठेवली. मी उभ्यानेच सगळं सांगितलं. वहीतली शून्यं, टपरीवरचं बोलणं, संध्याकाळचा फोन, दाराशी ठेवलेली पेटी, पेपर, वाजू दिलेला फोन. दाराचंही सांगितलं, की चौकट कलली आहे, म्हणून ते उघडतं. दुर्बिणीतलं तेवढं सांगितलं नाही. ते माझं होतं, आणि सांगितलं असतं तर ती मला माफ करायला बघेल अशी भीती वाटली.

ती रडेल, अंगावर धावून येईल, निदान चालता हो म्हणेल, अशी तयारी करून गेलो होतो. तिने भाचीला हाक मारून पुस्तकं भरायला सांगितलं. कपाट उघडलं, दोन साड्या काढल्या, त्यावर भाऊजींचा एक शर्ट ठेवला. मग माझ्याकडे पाठ करूनच विचारलं, "किती वेळ उभे होते रे ते?"

"चाळीस मिनिटं."

तिने शर्टाची घडी मोडली आणि पुन्हा घातली.

"त्यांचे गुडघे दुखायचे," ती म्हणाली. "पाच मिनिटं उभे राहिले तरी दुखायचे. तुला सांगू नको म्हणाले होते, नाहीतर तू कामावरून काढशील."