धरणाखालची वस्ती

धरणाखाली किती लोक राहतात, हे दर पाच वर्षांनी लिहून द्यायचं काम धरणावर नोकरीला असलेल्या बाबांचं होतं. प्रत्येक वेळी त्यांनी शून्य लिहिलं. भिंतीपासून जेमतेम अर्ध्या किलोमीटरवर आमचं घर होतं आणि त्यात आई, मी आणि ते स्वतः राहत होतो.

ही भानगड बाबा गेल्यावर चार महिन्यांनी उघडकीला आली. तपासणीला आलेल्या इंजिनियर बाई नकाशा घेऊन खाली उतरल्या आणि आमच्या दाराशी थबकल्या.

"काकू, इथे कोणी राहतं?"

"मग मी काय भूत आहे?" आई म्हणाली. "चहा घेणार ना?"

चहा घेता घेता बाईंनी समजावलं. धरणाचा धोक्याचा वर्ग भिंत किती जुनी आहे यावर ठरत नाही. ती फुटली तर खाली कोण सापडेल, यावर ठरतो. खाली कुणीच नाही म्हणून साठ वर्षांचं हे विजेचं धरण सर्वांत कमी धोक्याच्या वर्गात पडून होतं. कामावरची माणसं वस्तीत धरायची नाहीत, असा नियम होता. बाबांनी त्यात आम्हालाही बसवलं, आणि निवृत्तीनंतर नव्या माणसालाही तोच आकडा सांगत राहिले.

"आपण निवृत्त झालोय हे त्यांना कधी पटलंच नव्हतं," आई म्हणाली.

मला ते शून्य टोचलं. भिंतीतून पाझरणारं पाणी मापाने मोजून रोज लिहून ठेवणाऱ्या माणसाने आम्हाला मोजलं नाही. बाई गेल्यावर मी तसं बोलून दाखवलं.

"अगं, मोजलं असतं तर घर सोडावं लागलं असतं," आई म्हणाली. "त्या पाण्याच्या आवाजाशिवाय त्यांना झोप तरी यायची का?"

आता तीच वेळ आईवर आली. धरणाचा वर्ग चढला, दरवाजे दुरुस्त होईपर्यंत पाणी दोन मीटर खाली ठेवायचं ठरलं, भोंगा बसला. राहिला प्रश्न घराचा. बाईंनी अट घातली: भोंगा वाजल्यापासून पंधरा मिनिटांत आई एकटी टेकाडावरच्या पिवळ्या खांबापर्यंत पोहोचली, तर तिने घरातच राहायचं. नाहीतर माझ्या शहरातल्या दोन खोल्या. तिथे ती आठवड्याच्या वर कधी टिकली नाही.

चाचणीच्या दिवशी सकाळी भोंगा वाजला. मी घड्याळ लावलं. आई निघाली आणि चार पावलांवरून मागे फिरली. कुलूप लावायला.

"काकू, पाणी आल्यावर कुलूप लावत नाहीत!" बाई वरून ओरडल्या.

"आणि चोरांना पोहता येत असलं तर?"

त्यात दीड मिनिट गेलं. दहाव्या मिनिटाला ती गुडघ्यावर हात ठेवून थांबली. हात द्यायला मला मनाई होती, म्हणून मी दोन्ही हात मागे बांधून घेतले.

"बघत काय उभी राहिलीस? वाट सोड."

चौदा मिनिटं वीस सेकंद. बाईंनी आकडा मला पुन्हा एकदा विचारला, लिहिला, सही केली. "राहा काकू निवांत. पण गुडघा डॉक्टरांना दाखवा."

आई खांबाला टेकून खाली बघत होती. अजून धाप लागलेली होती.

"छपरावर किती पाला साचलाय बघ," ती म्हणाली. "उद्या शिडी आणायला हवी."