पायऱ्यांवरची मुलगी

चित्रकलेच्या वर्गात तिला सगळे खोडरबर म्हणायचे, आणि त्यात कुणाची चूक नव्हती. बाकीची मुलं एक चित्र संपवून चहाला जाऊन यायची, तोवर हिची एकच रेघ चारदा काढून पाचदा पुसून झालेली असायची. न काढलेली पाचवी रेघ कशी पुसली, ते तिलाच ठाऊक. झाडलोट करणाऱ्या मावशी म्हणायच्या, "तुझ्या एकटीच्या टेबलाखालचा केर वेगळा भरावा लागतो गं मला."

शेवटच्या वर्षाच्या कामाला मात्र तिचा हात असा चालला की टेबलाखाली केरच नसल्यानं मावशींनाही चैन पडेना. विषय साधा होता: कुठल्याही एका सिनेमावरून बारा चित्रं. इतरांनी नवे, गाजलेले सिनेमे उचलले. हिनं असा एक जुना काळापांढरा सिनेमा घेतला, जो वर्गात कुणीच पाहिलेला नव्हता. गंमत म्हणजे तिनंही पाहिलेला नव्हता.

तो तिला बाबांनी सांगितला होता.

बाबा थिएटरात ऑपरेटर होते. थिएटर जुने सिनेमे परत परत लावणारं, आणि वरच्या मजल्यावरच्या खोलीत मशीन चालवायला बाबा. दुपारी जायचे ते ती झोपल्यावर यायचे. त्यामुळे बापलेकीची गाठ पडायची ती सकाळी, शाळेआधीच्या अर्ध्या तासात. आई स्वयंपाकघरात डबा भरायची, बाबा पलंगाच्या कडेला बसून हिच्या वेण्या घालायचे आणि सिनेमा सांगायचे. रोज थोडा थोडा. ती "मग?" म्हणून मागे वळली की वेणी सुटायची आणि पहिल्यापासून सुरू.

सगळ्यात आवडता हाच सिनेमा. नदीवर पूल बांधायला एक इंजिनिअर येतो. पलीकडच्या काठावर दवाखान्यातली नर्स. पूल पुरा झाला की त्याला परत जावं लागणार, म्हणून दोघांनाही मनातून पूल पुरा व्हायला नको असतो, पण तसं बोलायची सोय नाही. आणि धक्क्याच्या पायऱ्यांवर बसलेली एक लहान मुलगी. मांडीवर शेंगदाण्यांचा डबा. कोण होडीनं गेलं, कोण आलं, तिला सगळं माहीत. इंजिनिअर येऊन विचारतो, "ती गेली का पलीकडे?" मुलगी तोंडातला दाणा संपवल्याशिवाय उत्तर देत नाही.

"बाबा, तिचं तोंड कसं होतं?"

"तोंड? ते नदीकडे होतं ना. आपल्याला पाठच दिसायची. दोन वेण्या, डावी जरा वर."

"आणि शेवटी ती कुठे जाते?"

"शेवटी ती नसते."

"का नसते?"

"गेली असेल घरी. शाळा असते माणसाला." या उत्तरानं तिचं समाधान कधीच झालं नाही. सिनेमाभर पायऱ्यांवर ठाण मांडून बसलेल्या पोरीला नेमकी शेवटीच शाळा कशी आठवते?

पुढे थिएटर बंद पडलं, आणि चार वर्षांपूर्वी बाबाही गेले. दोन दिवसांच्या तापाचं निमित्त. चष्मा राहिला, टॉर्च राहिला. सगळ्यात वाईट म्हणजे हल्ली तिला बाबांचा आवाज नीट आठवेनासा झाला होता. चेहरा फोटोत होता, आवाज कुठेच ठेवलेला नव्हता. पण ही चित्रं काढायला बसली की मधेच एखादं वाक्य अगदी त्यांच्या आवाजात यायचं, "डावी जरा वर," असं, आणि ती ब्रश हवेत तसाच धरून बसायची. हललं तर आवाज जाईल असं वाटायचं.

म्हणून तिनं ही चित्रं जिवापाड सांभाळून केली. राखाडी कागद, काळी शाई, पाण्यानं पातळ केलेले तिचे सहासात थर. नदीवरचं धुकं तिनं जुन्या टूथब्रशनं शिंतोडे उडवून आणलं. त्यात स्वतःचं नाकही धुक्यात गेलं. बारा चित्रांपैकी पाचांत ती मुलगी होती, पाचही ठिकाणी पाठमोरी. बाराव्या, शेवटच्या चित्रात पुरा झालेला पूल आणि खाली मोकळ्या पायऱ्या.

"वेण्यांचं हे वरखाली छान सुचलंय तुला," मॅडम म्हणाल्या. मॅडम म्हणजे इलस्ट्रेशन शिकवणाऱ्या. चष्मा डोक्यावर ठेवून दिवसभर शोधायच्या, पण चित्रातली चूक त्यांना चष्म्याशिवाय दिसायची. "आता प्रत्येक चित्राशेजारी सिनेमातलं मूळ दृश्य लाव. परीक्षक बाहेरून येतात, त्यांना ताडून बघायला लागतं. लायब्ररीत आलीय तुझ्या सिनेमाची कॉपी. मीच मागवली."

सिनेमा मिळू नये असं मनातून वाटणारी ती वर्गातली एकटीच असेल.

लायब्ररीतल्या कोपऱ्यात, कानाला हेडफोन लावून, एका दुपारी तिनं तो पाहिला. पहिली पंधरा-सतरा मिनिटं तिला हसू आवरेना. बाबांनी सांगितला होता तस्साच! इंजिनिअरची टोपी वाऱ्यानं उडते ती, नर्सच्या हातातली छत्री, सगळं. अठराव्या मिनिटाला ती पुढे सरकून बसली. आता पायऱ्या, आता ती.

पायऱ्या नव्हत्याच. इंजिनिअरच्या मामांकडे जेवणावळ चालली होती आणि मामा सिमेंटवर बोलत होते. पाच मिनिटं सिमेंट. मग सिनेमा परत बाबांच्या वाटेवर आला. सदतिसाव्या मिनिटाला पुन्हा तेच: मुलीच्या जागी कचेरी, फायली, कारकून. छप्पन्नला एक लांबलचक गाणं. चौऱ्याहत्तर, त्र्याण्णव, कुठेच ती नाही. तिनं सिनेमा मागे नेऊन पाहिला, थांबवून पाहिला, गर्दीतल्या पाठी तपासल्या. शेंगदाण्यांचा डबासुद्धा नाही.

"संपला का?" लायब्रेरियननं विचारलं.

"हो," ती म्हणाली. "संपला."

मॅडमनी ऐकून घेतलं आणि चष्मा डोक्यावरून डोळ्यांवर आणला, म्हणजे प्रकरण गंभीर. "मुलगी सुंदर आहे, मला कबूल आहे. पण सिनेमात नाही. ही पाच चित्रं काढून टाक, नवीन कर. शुक्रवारपर्यंत वेळ आहे."

ती कामाला लागली. जेवणावळ काढली, मामा काढले, सिमेंटवर बोलणारं त्यांचं तोंड काढलं. सगळं बरोबर होतं आणि सगळं मेलेलं होतं. मुख्य म्हणजे बाबांचा आवाज येईना. तीन दिवस ब्रश धरून कान टवकारून बसली, पण शब्द नाही. मग तिला राग आला. सात वर्षांच्या पोरीला थापा मारल्या तुम्ही? दुसऱ्याच कुठल्या सिनेमातली मुलगी आणून बसवलीत? ती माझी सगळ्यात आवडती होती, बाबा. मेलेल्या माणसावर रागावण्याची एक अडचण असते, ते समजूत काढायला येत नाही. ती नुसतीच रागावून बसली.

शेवटी मुलगी न सापडलेल्या मिनिटांची यादी खिशात घालून ती काकांकडे गेली. काका म्हणजे थिएटरातले सकाळच्या पाळीचे ऑपरेटर. आता एका लहानशा दुकानात मिक्सर आणि पंखे दुरुस्त करायचे.

"काका, बाबांच्या डोक्यात सिनेमांची सरमिसळ व्हायची का हो?"

"तुझ्या बाबाच्या? छे! कुठल्या सिनेमात कोण कितव्यांदा शिंकलं, तेही सांगायचा." त्यांनी यादी हातात घेतली, लांब धरली, जवळ धरली आणि एकदम हसले. "अठरा, सदतीस, छप्पन्न... अगं, ही तर रिळं आहेत!"

"म्हणजे?"

काकांनी समोरचे दोन मिक्सर शेजारी शेजारी ओढले. "हे एक मशीन, हे दुसरं. सिनेमा म्हणजे सात रिळं. यावर एक चालू असताना त्यावर पुढचं लावून तयार ठेवायचं. रीळ संपत आलं की पडद्याच्या वरच्या कोपऱ्यात एक गोल ठिपका चमकतो. तुम्हा लोकांच्या लक्षातही येत नाही. तो दिसला की दुसरं मशीन सुरू, पहिलं बंद. आणि लगेच आपली मान खाली. संपलेलं रीळ उतरवा, त्याच्या पुढचं चढवा, फिल्म एकेका दात्यावरून ओवा. जरा चुकलं तर खाली पब्लिक शिट्ट्या मारणार. होईपर्यंत पाच मिनिटं जातात. तेवढा वेळ पडद्यावर आग लागली तरी आम्हाला दिसायची नाही."

"प्रत्येक रिळाला?"

"दुसऱ्यापासून प्रत्येक. पहिली दोन खेळाआधीच चढवलेली असायची. आम्ही जन्मात एकही सिनेमा सलग पाहिलेला नाही. रिळाची सुरुवातच गायब! मला कुणी विचारलं ना, मधे काय झालं, तर मी ठोकून द्यायचो, गाणं होतं म्हणून. तुझ्या बाबाला तसं चालायचं नाही. त्याला घरी विचारणारी होती."

तिनं यादीवरचे आकडे बोटांवर मोजले. "आणि शेवटचं रीळ?"

"शेवटच्याच्या पुढे काय लावणार? तेव्हा राजा! स्टूल ओढायचं, भिंतीतल्या चौकोनी खिडकीला नाक लावायचं आणि बघायचं. तेवढं एक रीळ आमचं."

घरी येऊन तिनं सगळी चित्रं जमिनीवर मांडली, नवी आणि जुनी. पाच ठिकाणी मुलगी, दुसऱ्या रिळापासून सहाव्यापर्यंत. हिशोब चोख होता. बाबांना जे दिसलं नाही, तिथे तिथे ती बसलेली होती. आणि सातव्यात ती नव्हती, कारण सातव्यात बाबा स्वतः बघत होते आणि तिथे खरंच कुणी नव्हतं. शाळा असते माणसाला!

वाळलेल्या कपड्यांचा ढीग घेऊन आई दारात आली. "आता मी पाय कुठे ठेवू? डोक्यावर?" म्हणता म्हणता थांबली. ही चित्रं तिनं अजून पाहिलेली नव्हती. काम पुरं होईपर्यंत दाखवायचं नाही, अशी लेकीची शिस्त. आईनं वाकून एक चित्र उचललं.

"स्वतःचं चित्र कधी काढलंस तू?"

"ती मी नाही. ती सिनेमातली..." ती अडखळली.

"मला सांगू नकोस. ही डावी वेणी मी विसरेन?" आई हसायला लागली. "त्यांना दोन्ही सारख्या कधी जमल्याच नाहीत. रोज ओरडायची मी, अहो, डावी खाली घ्या, डावी खाली घ्या. तर म्हणायचे, राहू दे, लांबून ओळखू येते. शाळेत तुझ्या बाई सोडून परत घालायच्या. आठवत नाही तुला?"

आठवत नव्हतं. पाठीमागचं माणसाला कुठे दिसतं? तिनं स्वतःच्या पाठीवरच्या वेण्या कधी पाहिल्याच नव्हत्या, त्या फक्त बाबांना दिसायच्या.

मग मात्र तिला रडू आवरेना. आईनं कपड्यांचा ढीग पलंगावर टाकला आणि चित्रं न तुडवता, भिंतीला धरून तिच्यापाशी येऊन बसली. लेकीच्या डोक्यात हिशोब चालू होता. दिवसाला तीन खेळ, खेळाला पाच वेळा मान खाली. दिवसातून पंधरा वेळा बाबांपुढे ती रिकामी पाच मिनिटं यायची. तेव्हाच त्यांनी तिला तिथे बसवली, की सकाळी वेणी घालताना सुचली, कोण जाणे. संध्याकाळी बाबा घरी नाहीत म्हणून दारात बसून राहणारी ती; आणि तिकडे बाबांनीही तिला पायऱ्यांवर बसवून ठेवलेली. इतकी वर्षं तिला वाटत होतं, वाट आपण एकटीच पाहत होतो.

मामांची जेवणावळ तिनं गुंडाळून कपाटावर टाकली. मग नवा राखाडी कागद घेतला. तोच पुरा झालेला पूल, त्याच पायऱ्या. पुसलं नाही असं नाही. एका जागी भोक पडेपर्यंत पुसलं आणि कागद बदलला. पहिलीतला फोटो आईनं न मागता आणून शेजारी ठेवला. दुसऱ्या दिवशी सकाळी पातळ शाईचा तिसरा थर वाळत असताना, खोलीत कुणी नसताना, तिच्या मानेमागे अगदी स्पष्ट आवाज आला. "हलू नकोस गं."

ती हलली नाही.

शुक्रवारी मॅडमनी चित्रं टेबलावर रांगेनं लावली. पहिल्याच पानावर तिनं लिहिलं होतं: हा सिनेमा ऑपरेटरच्या खोलीतून पाहिलेला आहे. शेजारी मूळ दृश्यं होती. आणि पाच ठिकाणी दृश्याच्या जागी वरच्या कोपऱ्यात पांढरा गोल ठिपका असलेला काळा कागद. मॅडमनी ते वाचलं, ठिपक्यांबद्दल विचारलं आणि तिनं रिळांचं सगळं सांगितलं. मॅडमनी चष्मा काढला, पुसला, परत घातला.

"परीक्षक काय म्हणतील ते म्हणोत," त्या म्हणाल्या. मग मोजायला लागल्या. "ही तेरा कशी? बारा सांगितली होती ना?"

"एक जास्त आहे."

मॅडम रांगेच्या टोकाशी गेल्या. पूल, धक्का, पायऱ्या, पायऱ्यांवर डबा मांडीत घेतलेली ती मुलगी. या एकाच चित्रात तिनं नदीकडे पाठ केली होती आणि मान उचलून वर, चित्राच्या बाहेर, कुणाकडे तरी बघत होती. दोन दात पडलेले. डावी वेणी वर.

"पण तूच म्हणालीस ना, शेवटच्या रिळात ती नसते म्हणून? मग ही कशी आली?"

"शेवटच्या रिळाला बाबा मोकळे असायचे, मॅडम," ती म्हणाली. "त्यांना बघायला वेळ असायचा."