कथील चढवलेली तार

गुणाजी आणि सखा दोघेही कासू गावचे. शाळा सुटल्यावर दोघांनी मिळून लग्नांना भोंगे लावायचा धंदा केला. सखा वायरी ओढायचा आणि जोडायचा, गुणाजी ऐकायचा. मांडवाच्या चारी कोपऱ्यांत भोंगे वाजत असले, तरी कुठल्या भोंग्याचा सांधा सैल झालाय हे गुणाजी आचाऱ्याच्या चुलाणापाशी उभा राहून सांगायचा, आणि ते खरं निघायचं. गुणाचे कान म्हणजे कान, असं लोक म्हणायचे. सखा तर येईल त्याला कौतुकाने सांगायचा.

पुढे गुणाजीला पेणजवळच्या एका कंपनीत कॉम्प्रेसरवर नोकरी लागली आणि सखाने रोह्याला बाजारपेठेत दुरुस्तीचं दुकान टाकलं. भोंगे विकले गेले, दोस्ती राहिली. त्यामुळे पन्नाशी उलटल्यावर गुणाजीने पेणला घर बांधायला काढलं आणि त्यात एक खोली फक्त होम थिएटरसाठी राखली, तेव्हा ते काम सखाशिवाय दुसऱ्या कुणाकडे जायचा प्रश्नच नव्हता.

गुणाजीने महिनाभर मोबाईलवर वाचून काढलं होतं. बोटाएवढ्या जाड, वेणीसारख्या विणलेल्या, सोन्याचं पाणी दिलेल्या टोकांच्या केबली त्याने सखाला दाखवल्या.

सखा हसला. "लांबातला लांब स्पीकर किती फुटांवर हाय?"

"चाळीस धर."

"मग शुद्ध तांब्याची चौदा गेजची तार घे. बास झाली."

"अरे पण केबलने आवाजात फरक पडतो म्हणतात."

"बारीक घेतलीस तर पडतो. आत भेसळ असली तर पडतो. त्याच्यापुढं जो फरक पडतो तो दुकानदाराला पडतो, गुणा."

गुणाजीलाही ते पटलं. प्लास्टर व्हायच्या आधी सखा तीन रविवार रोह्याहून येऊन एकट्याने भिंतीत तारांचे पाईप टाकून गेला. पुढचे तीन स्पीकर, मागचे दोन, खाली दणका देणारा सबवूफर. प्रत्येक पाईपाच्या टोकाला त्याने वायरीचं हातभर जादा वेटोळं ठेवलं, उद्या सोफा हलवावासा वाटला तर तार कमी पडू नये म्हणून.

मे महिन्यात, वास्तुशांतीच्या आदल्या आठवड्यात खोली तयार झाली. गुणाजीने दार लावून घेतलं आणि एक भजन लावलं. ऐकताना त्याच्या कपाळाला आठी पडली. पखवाज दणदणीत होता, बुवांचा आवाज भरीव होता, पण वरचं काहीच नव्हतं. टाळ कुठे होते? त्याने आवाज वाढवला. पखवाजाने खिडकीच्या काचा थरथरल्या. टाळ मात्र गोधडीखाली दाबल्यासारखे.

"अनिता, टाळ ऐकू येतायत तुला?"

"येतायत की," त्याची बायको दारातून म्हणाली. "जरा कमी करा, कान फुटतील."

पण अनिताला यातलं काय कळतंय, असं त्याला वाटलं. चार दिवस तो स्पीकर सरकवत राहिला आणि पाचव्या दिवशी त्याने एका स्पीकरमागची तार उपसून पाहिली. पारदर्शक वेष्टनात दोन पदर होते. एक तांबडा, दुसरा चांदीसारखा पांढरा. तांब्याच्या नावाखाली ॲल्युमिनियम विकतात हे त्याने वाचलं होतं. सखाला एक फोन करून विचारायला किती वेळ लागला असता? पुढे त्याने हा प्रश्न स्वतःला खूपदा विचारला. त्या दिवशी मात्र त्याने फोन केला नाही. मनातल्या मनात तो चिडत राहिला.

वास्तुशांतीला जेवणं झाल्यावर पाहुणे खोली बघायला जमले. अनिताचा भाऊ प्रविण रोह्याहून आला होता. त्याच्या मंडळाचं नवं सभागृह उभं राहत होतं आणि तिथला सगळा साऊंड सखाकडेच द्यायचा असं त्याने ठरवून टाकलं होतं. सखा बायकोला, शांतीला, घेऊन आला होता. अनितासाठी त्यांनी साडी आणली होती.

गुणाजीने तेच भजन लावलं. प्रविण म्हणाला, "वा दाजी, काय घुमतंय!"

"घुमतंय, पण टाळ नाय त्यात," गुणाजी म्हणाला. "कसे असतील? आत काय घातलंय बघ." त्याने स्पीकरमागून तार ओढली आणि सगळ्यांसमोर पांढरा पदर उघडून धरला. "ह्याला तांबं म्हणतात?"

सखा पुढे झाला. "गुणा, तांबंच हाय ते. वरून कथील चढवलेलं असतंय. प्लस कुठली, मायनस कुठली ते ओळखायला एक पदर पांढरा ठेवतात. चाकूने खरवड, आत लाल दिसेल."

"मला शिकवतोस? माझे कान खोटं बोलत नाय सखा. आपल्या माणसानं तरी असं करायला नको होतं."

सखाच्या कानाच्या पाळ्या लाल झाल्या. भजन अजून चालू होतं. तो स्पीकरकडे बघत होता, मग गुणाजीच्या तोंडाकडे बघत राहिला, बराच वेळ.

"बदलून देतो," तो म्हणाला.

लोकांना एवढं पुरलं. चोरी नसती तर माणूस भांडला असता, असं पाहुण्यांनी जाता जाता एकमेकांना सांगितलं. शांती चप्पल घालताना अनिताला म्हणाली, "येते गो," आणि वळून न बघता गेली. दोन दिवसांनी सखा एकटा आला, सगळी तार पाईपांतून ओढून काढली, कंपनीचं सील असलेलं नवं बंडल गुणाजीच्या हातात देऊन त्यालाच फोडायला लावलं आणि पुन्हा सगळं जोडलं. चहा घेतला नाही. आवाज कसा येतोय हेही विचारलं नाही.

आवाज होता तसाच होता.

दिवाळीला गुणाजीने मुंबईहून ती वेणीची केबल मागवली. जोडायला आलेला माणूस टापटीप होता. काम झाल्यावर त्याने एक गाणं लावलं, कान देऊन ऐकलं आणि म्हणाला, "एकदम क्लिअर आहे, सर."

"झांजा कुठायत?"

त्या माणसाने चमकून अनिताकडे पाहिलं. तो गेल्यावर अनिता सोफ्यावर बसली.

"झांजा वाजतायत. तेव्हा टाळही वाजत होते."

"मग तेव्हा बोलली का नाहीस?"

"बोलले होते. तुम्ही मनावर घेतलं नाय. तुमच्या खिशात मोबाईल वाजतो तो मी स्वयंपाकघरातून सांगते तुम्हाला. आपली लेक पिंकी फोनवर बोलते ते तुम्हाला निम्मं कळत नाय आणि तुम्ही म्हणता रेंज नाय. दोन वर्षं बघतेय मी. चला एकदा डॉक्टरकडे."

पेणच्या दवाखान्यात एका काचेच्या खोलीत त्याला बसवलं, कानांवर हेडफोन घातले आणि हातात बटण दिलं. आवाज आला की दाबायचं. सुरुवातीला त्याने भराभर दाबलं. मग बराच वेळ काही आलंच नाही. काचेपलीकडच्या बाईंनी हेडफोन काढायची खूण केली.

"काका, बटण दाबायचं राहिलं का?"

"आवाज आला की दाबतो ना."

"सहा वेळा दिला मी."

डॉक्टरांनी कागदावरची रेघ दाखवली. अर्ध्यापर्यंत ती सरळ होती आणि पुढे कड्यावरून उतरावी तशी खाली गेली होती. "खालचे आवाज शाबूत आहेत. वरचे गेलेत. टाळ, झांजा, लहान मुलांचे आवाज, बोलण्यातले स आणि श. एका दिवसात नाही, दहा-बारा वर्षांत गेलेत. नोकरी कुठे?"

"कॉम्प्रेसरवर."

"कानाला काही लावत होतात?"

कंपनी कान झाकायचे मफ द्यायची. तपासणीला साहेब आला की गुणाजी ते कानावर चढवायचा, एरवी गळ्यात ठेवायचा. मशीन बिघडायच्या आधी तिचा आवाज बदलतो आणि तो बदल आपल्याला सगळ्यांच्या आधी कळतो, याचा त्याला अभिमान होता. त्याने डॉक्टरांना नुसती नकारार्थी मान हलवून दाखवली.

दुसऱ्या दिवशी दुपारच्या गाडीने तो रोह्याला गेला. सखाच्या दुकानाचा अर्धा गाळा आता मोबाईलच्या कव्हरवाल्याने घेतला होता. उरलेल्या अर्ध्यात सखा एक मिक्सर उघडून बसला होता. गुणाजीने तो कागद त्याच्यापुढे ठेवला. सखाने रेघेवरून बोट फिरवलं.

"मला त्याच दिवशी कळलं होतं," सखा म्हणाला. "भजन चालू असताना. टाळ खणखणीत वाजत होते आणि तू ते नाय म्हणून सांगत होतास."

"मग बोललास का नाय?"

"काय बोलू? तुझ्या घरात, तुझ्या पाहुण्यांसमोर, तुझे कान गेले म्हणून सांगू?" सखाने स्क्रू एका झाकणात ठेवला. "वाटलं, दोन दिवसांनी एकटा भेटलास की सांगीन. पण तू बंडलाचं सील तपासत होतास रे, उजेडात धरून धरून. मग नाय सांगावंसं वाटलं. तेही चुकलंच माझं. तेव्हाच गेला असतास डॉक्टरकडे."

"सभागृहाचं काम?"

"ते पनवेलच्या माणसाने केलं. प्रविणने फोन केला होता, चांगला बोलला. मंडळातली लोकं तयार नाय म्हणाला."

गुणाजीने त्याच्या हातावर हात ठेवला. सखाने हात काढून घेतला नाही. म्हणाला, "मनात काय नाय ठेवलेलं. चहा सांगतो. पण गुणा, त्या खोलीत आता मला हत्यारं घेऊन बोलावू नको."

घरी येऊन गुणाजीने वास्तुशांतीला आलेल्यांना एकेक फोन लावायला सुरुवात केली. चूक माझी होती, तार चोख होती, माझेच कान गेलेत. एक मावसभाऊ म्हणाला, "कुठली तार?" दुसरा म्हणाला, "जाऊ दे, आता कशाला उकरून काढतोस." एकाला वाटलं, दोस्ताला वाचवायला गुणाजी खोटं बोलतोय. प्रविणने सगळं ऐकून घेतलं आणि म्हणाला, "दाजी, हे जूनमध्ये, काम दुसऱ्याला द्यायच्या आधी सांगितलं असतंत तर..." त्याने वाक्य पुरं केलं नाही. पाचव्या फोननंतर गुणाजीने मोबाईल ठेवून दिला. जी गोष्ट सांगायला त्या दिवशी एक मिनिट पुरलं होतं, ती परत घ्यायला माणसं ऐकायलाच तयार नव्हती.

पुढच्या वर्षी मे महिन्यात सखाच्या मुलीचं, नमिताचं, लग्न ठरलं. पत्रिका व्हॉट्सॲपवर आली. एरवी अक्षता घेऊन सखा स्वतः घरी आला असता. अनिता म्हणाली, "जायचंच." दोघे गेले. गुणाजीच्या दोन्ही कानांत आता यंत्रं होती. गर्दीत ती सगळेच आवाज एकदम अंगावर घालत.

जेवणं आटोपल्यावर सखाने त्यांना व्याह्यांपाशी नेलं. गुणाजीने हात जोडले.

"हे पेणचे गुणाजीशेठ," सखा अगदी अदबीने म्हणाला. "आमच्या ओळखीचे."

व्याह्यांनी नमस्कार केला आणि पेणला नवा पूल झाला का, असं विचारलं. गुणाजीने पुलाविषयी जे माहीत होतं ते सांगितलं.