वकीलसाहेबांनी लिहिलेली माफी

वकीलसाहेब मुलाला घेऊन शिंप्याच्या घरी माफी मागायला आले, ते माफी टाइप करूनच. मुलगा अवघा सोळा वर्षांचा. एवढ्याशा लेकरावर चार ओळी लिहिण्याचा भार कशाला?

साहेबांचे सगळे कोट शिंपीच शिवायचा. त्याने गळ्यातली टेप काढून ठेवली आणि खुर्ची पुसून दिली. त्याची धाकटी लेक पडद्यामागे उभी होती. तिला कोणी बोलावलंच नव्हतं. माफी तिची मागायची होती, पण बोलणी दोन बापांत चालली होती, सोयरीक जमवायला बसल्यासारखी.

"झाल्या प्रकाराबद्दल मी दिलगीर आहे," मुलाने वाचलं आणि बापाकडे पाहिलं. साहेबांनी मान डोलावली. झालं, पोरगं सुधारलं!

"पोरंच ती," शिंपी म्हणाला. "चालायचंच."

"याला म्हणतात समजूतदारपणा!" साहेबांनी दुसरा कागद पुढे सरकवला. "तिने पोहण्याच्या प्रशिक्षकबाईंकडे केलेली तक्रार मागे घेतोय, असं लिहिलंय. इथे सही करा. आणि तिला काही दिवस पोहायला पाठवू नका. तिलाच अवघडेल हो."

चोर सोडून संन्याशाला फाशी! धाकटीच्या अंगाची लाहीलाही झाली. पुढच्या आठवड्यात तिची निवड चाचणी होती. ती सरळ बाहेर आली.

"कुठल्या प्रकाराबद्दल?" तिने मुलाला विचारलं.

"ते... लिहिलंय यात."

"यात काही नाही. तू काय केलंस ते तुझ्या तोंडाने सांग."

"बाळ, ते कशाला उच्चारायचं?" साहेब कळवळले. "ऐकायलाही कसंतरी होतं."

"काका, तुम्हाला नुसतं ऐकायचंय."

मुलाने कागद उलटा करून पाहिला. मागे कोरं होतं.

"मी कपडे बदलायच्या खोलीची कडी लावली," तो पुटपुटला. "ही नको म्हणत होती. रडत होती. तरी मी... हात काढला नाही."

"गप्प! एक अक्षर बोलू नकोस!" साहेब ओरडले. इतका वेळ बापाच्या मायेने बसलेल्या माणसाला आता कायदा आठवला. त्यांनी मुलाचं मनगट धरलं आणि त्याला ओढतच ते जिना उतरले. सहीचा कागद मात्र टेबलावर ठेवून गेले. शिंप्याला साहेबांचा शब्द मोडवत नाही, हे त्यांना ठाऊक होतं.

धाकटीने तो कागद फाडला.

शिंप्याला तिच्याकडे बघवेना. "मला तर त्यांनी सांगितलं होतं," तो म्हणाला, "की मस्करीत धक्का लागला."

"त्यांनी सांगितलं, बाबा," धाकटी म्हणाली. "मला तुम्ही विचारलंत कधी?"